क्लचवरचा दुसरा पाय

तळजाईच्या चढावर गाडी बंद पडणं ही आमच्या धंद्यात बातमी नव्हे. रोज पडते. सहकारनगरातून वर जाणारा तो रस्ता मी मुद्दाम निवडते. सकाळी साडेसहाला फिरायला आलेली मंडळी आणि कुत्री सोडली तर तिथे फारसं कोणी नसतं. पण गेल्या महिन्यात एका मंगळवारी तिथे जे झालं, ते अजून डोक्यातून जात नाही.

अकरा वर्षं मी बायकांना गाडी शिकवते. माझ्या बाजूलाही क्लच-ब्रेक असतात हे सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे, की दोन्हीकडची पेडलं एकमेकांना जोडलेली असतात. मी माझा क्लच दाबला की शिकणारीच्या पायाखालचाही खाली जातो. तिचा पाय त्याच्यावर असतोच, त्यामुळे तिला वाटतं आपणच दाबला. हाफ क्लचला गाडी थरथरायला लागली, आता बंद पडणार, एवढ्यात मी बोटभर दाबते आणि गाडी सावरते. ती खूश, मी खूश, मागचा रिक्षावाला खूश. दिवसाला दहा-बारा जणी असल्या की हे होतंच. आमच्या लाइनीतले काही जण तर २१ दिवस पाय काढतच नाहीत आणि शेवटी हक्काने पेढे खातात. मी त्यांतली नाही, असं मला वाटत होतं.

बाई गणिताच्या शिक्षिका, वय ४८. पहिल्याच दिवशी मी त्यांना चढावर गाडी थांबवून पुन्हा काढून दाखवली. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, किंचित रेस, मग क्लच इतका सावकाश सोडायचा की इंजिनचा आवाज जड होतो आणि बॉनेट नाक उचलल्यासारखं वर येतं. त्या क्षणी हँडब्रेक खाली. गाडी केसभरही मागे जात नाही. हे मला फार देखणं जमतं, सांगायला लाज कसली. बाईंनी सगळं वहीत उतरवून घेतलं. चौदाव्या दिवसापर्यंत माझी बसायची ढब, आरशात बघताना मान हलवायची लकब, एवढंच काय, गिअरवर हात टाकून बसायची माझी वाईट खोडही त्यांनी उचलली होती. चढ मात्र माझ्या पायाने चढत होता.

त्या मंगळवारी मी न सांगता क्लचवरचा पाय काढला. ब्रेकवरचा ठेवला. गाडी तीनदा बंद पडली. चौथ्यांदा वीतभर मागे आली, मी ब्रेक दाबला आणि मागच्या स्कूटरवाल्याने हॉर्न धरून ठेवला. (चढावर पुढच्याच्या बंपरला चिकटून उभं राहण्यात पुणेकरांना काय सुख मिळतं, देव जाणे.)

बाईंनी इंजिन बंद केलं आणि विचारलं, "मॅडम, मग आजवर कोण चालवत होतं?"

"थोडी मी," म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत. उतरून मागे जाऊन बसल्या.

मागच्या सीटवर काकू होत्या. वय ५९, पोळी-भाजीचा व्यवसाय, नववा दिवस. पेट्रोल वाचावं म्हणून मी दोघींना एकत्र घेते, एवढंच. 'यांचं बघून शिका' असं मी काकूंबद्दल स्वप्नातही म्हटलं नसतं. त्या पुढे आल्या, सीट ओढली आणि नेहमीप्रमाणे गाडीशी बोलायला लागल्या.

"चल गं बये. अगं... पडली बंद. पडू दे. हँडब्रेक ओढलाय ना? मग जातेस कुठे? परत. आवाज बसतोय... अजून... ह्यॅ, घाई केली मी. परत. आवाज बसला... थांब... थांब... नाक वर आलं! सोड!"

तिसऱ्या खेपेला गाडी वर गेली. माझा पाय क्लचवर नव्हता.

मागून आवाज आला, "मी बसू परत?" आणि दुसऱ्या प्रयत्नात बाईंनी चढ काढला. ओठांतल्या ओठांत "नाक वर आलं, नाक वर आलं" चाललं होतं.

माझी भाची मानसशास्त्र शिकते. तिला सांगितलं तर तिला काहीच नवल वाटलं नाही. स्टॅनफर्डच्या अल्बर्ट बांडुरांनी १९६१ साली दाखवलं म्हणे, की मोठ्या माणसाला फुगवलेल्या बाहुल्याला बदडताना पाहिलं की मुलं तशीच बदडतात, शब्दसुद्धा तेच वापरतात. गिअरवरच्या हाताचा उलगडा झाला. पुढे १९८०च्या दशकात डेल शंक यांनी वजाबाकीत अडखळणाऱ्या मुलांवर प्रयोग केला. शिक्षकाला गणित सोडवताना बघून जेवढा विश्वास आला, त्याहून जास्त आपल्यासारखंच एखादं मूल ते शिकताना बघून आला. "मावशी, तू फारच छान चालवतेस, तोच प्रॉब्लेम आहे," भाची म्हणाली. मला राग आला. अकरा वर्षं मी त्याच देखणेपणाच्या जिवावर पोट भरते आहे.

शिवाय हे दर वेळी चालतही नाही. पुढच्याच आठवड्यात एका घाबरट मुलीला मी मुद्दाम काकूंच्या मागे बसवलं. काकूंनी नेमकी त्या दिवशी गाडी पाचदा बंद पाडली आणि मुलगी आणखीच गारठली.

बाई भोसरीच्या ट्रॅकवर परीक्षा पास झाल्या. पेढे द्यायला आल्या तेव्हा आधी काकूंना दिले, मग मला. जाताना म्हणाल्या, "फळ्यावर मी कधी चुकत नाही हो." त्यांना त्याचं कौतुक होतं की खंत, कळलं नाही.

काकूंची परीक्षा पुढच्या सोमवारी आहे. आज चढावर त्यांची गाडी थरथरली, तेव्हा माझा डावा पाय क्लचवर होता. दाबला नाही, असं मला वाटतं.