कान दुखतोय म्हणून गेले आणि जबडा निघाला

कानात ठणका लागला म्हणून आधी कानाच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी आत बघितलं, म्हणाले कान एकदम स्वच्छ आहे, मग कानासमोर बोट ठेवून तोंड उघडा-मिटा करायला लावलं आणि कट्ट! हा आवाज मला वर्षभर येत होता, जांभई देताना तर हमखास, पण दुखत नव्हतं तोवर कोण लक्ष देतं.

मग डेंटिस्टकडे. त्यांनी दात बघायच्या आधी गालच दाबले, चावायचा तो जाड स्नायू आणि कानशिलं, जिथे दाबतील तिथे कळ. पट्टीने तोंड किती उघडतं ते मोजलं तर ३१ मिमी. साधारण ४० च्या आसपास तरी पाहिजे म्हणे, म्हणजे आपलीच तीन बोटं उभी आत गेली पाहिजेत, माझी दोन कशीबशी जात होती. कानासमोरच जबड्याचा सांधा असतो, त्यात दोन हाडांच्या मध्ये एक चकती असते, ती पुढे सरकलेली असली की तोंड उघडताना हाड टुणकन तिच्यावर चढतं, तोच आवाज. नुसता आवाज असेल, दुखत नसेल आणि तोंड नीट उघडत असेल तर काहीच करायचं नसतं. पण माझं दुखत होतं ना.

आता मी घरूनच ठरवून गेले होते की माझा बाईट, म्हणजे वरखालचे दात एकमेकांवर बसतात ते, चुकलाय, खालचे दात जरा वाकडे आहेत, तर घासून सारखे करा नाहीतर ब्रेसेस लावा आणि सोडवा मला यातून. त्या सरळ नाही म्हणाल्या. घासलेला दात परत येत नाही, आणि स्नायू आखडलेले असताना बाईट तसाही नीट कळत नाही, आधी जे काढून ठेवता येतं तेच करू. मला रागच आला खरं तर.

मग मापं घेऊन कडक नाईटगार्ड बनवला, रात्री झोपताना वरच्या दातांवर बसवायचं कव्हर. निळा कागद चावायला द्यायच्या, डाग गडद पडेल तिथे गार्ड घासायच्या (गार्ड, दात नाही!), यासाठी तीन चकरा झाल्या. पहिल्या रात्री उशी लाळेने भिजली, तिसऱ्या रात्री झोपेतच काढून फेकला.

पण खरी गोची दिवसा होती. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वर टाळूला, असं राहायचं म्हणाल्या, म्हणून स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल टिकली चिकटवली, दिसली की जबडा तपासायचा. बघावं तेव्हा दात घट्ट आवळलेले! मेल वाचताना, फोनवर कुणाचं तरी ऐकून घेताना, सुईत दोरा ओवतानासुद्धा. आई लहानपणी म्हणायची ही झोपेत दात खाते, मी जागेपणीही तेच करत होते.

तीन महिने झाले. गरम शेक आणि जबड्याचे व्यायाम चालू आहेत, सकाळचं कानशील दुखणं जवळजवळ गेलं, तोंड ३९ उघडतं, कट्ट मात्र आहे तसाच. परवा चेकअपला गार्ड घेऊन गेले तर उजव्या बाजूला चांगले ओरखडे पडलेत. म्हणजे दात खाणं चालूच आहे, फक्त आता गार्ड खातेय.