स्किल लॅब ते वॉर्ड: माझा अनुभव

रक्तदाब कसा मोजायचा हे पेपरात चार ओळींत लिहून होतं. दंडाला कफ (हवा भरायचा पट्टा) बांधा, हवा भरा, हळूहळू सोडा. पहिला ठोका ऐकू आला की वरचा आकडा, आवाज थांबला की खालचा. पण खाटेवर दमून पडलेल्या माणसाचं बीपी खात्रीनं सांगायचं तर हात आणि कान दोन्ही तयार लागतात. नर्सिंगच्या पदवीला ही तयारी कशी झाली ते सांगते, कारण नव्यानं प्रवेश घेतलेल्यांना याचीच धास्ती जास्त असते.

कॉलेजच्या स्किल लॅबमध्ये, म्हणजे वॉर्डात जाण्याआधी पुतळ्यांवर आणि एकमेकींवर सराव करायच्या खोलीत, सुरुवात हात धुण्यापासून झाली. मॅडमनी आमच्या हातांना चमकणारं जेल लावलं, नेहमीसारखे हात धुवायला सांगितले आणि मग अतिनील दिव्याखाली धरायला लावले. अंगठे, बोटांची टोकं आणि बोटांच्या बेचक्या बहुतेकींच्या चमकत होत्या. साबण-पाण्यानं ४० ते ६० सेकंद कशासाठी, हे त्यानंतर कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

मग बीपी. आधी मनगटाची नाडी चाचपत कफ फुगवायचा, नाडी लागेनाशी झाली की तो आकडा लक्षात ठेवायचा, आणि ऐकताना त्याच्यापेक्षा साधारण ३० नं जास्त हवा भरायची. हे टाळलं तर काही पेशंटमध्ये मधेच आवाज नाहीसा होतो आणि वरचा आकडा खूप कमी धरला जातो. हवा सेकंदाला पाऱ्याच्या २ ते ३ मिलिमीटर इतक्याच वेगानं सोडायची. १९०५ साली निकोलाय कोरोत्कोव या रशियन डॉक्टरांनी ज्या आवाजांचं वर्णन केलं, ते मला पहिल्यांदा नीट कळले ते दोघींनी एकाच वेळी ऐकायच्या स्टेथोस्कोपमुळे. एका बाजूला मॅडम, दुसऱ्या बाजूला मी. ठोका आला की त्या बोट वर करायच्या. प्रत्येक कॉलेजात असे स्टेथोस्कोप भरपूर असावेत असं मला अगदी मनापासून वाटतं.

सीपीआर म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबणं आणि त्याला श्वास देणं. त्याच्या सरावाच्या पुतळ्यावर घाम निघतो. मिनिटाला १०० ते १२० वेळा, छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली, ३० दाबांमागे २ श्वास, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. असा पहिला पुतळा १९६० साली नॉर्वेतल्या आस्मुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्यांनी तयार केला. आमचा पुतळा दाब पुरेसा खोल गेला की टक् असा आवाज करायचा. थोड्याच वेळात तो आवाज विरळ होऊ लागतो, तेव्हा दर दोन मिनिटांनी माणूस बदलण्याचा नियम दंडांनाच पटतो.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त शिकवलं ते पेशंट होऊन पडून राहण्यानं. आम्ही आळीपाळीनं पेशंट व्हायचो. कुणी न बोलता दंडाला कफ बांधला की अंग आखडतं. थंड स्टेथोस्कोप नको वाटतो. कूस बदलताना पाठीमागे नक्की कुणाचा हात आहे हे कळलं नाही तर भीती वाटते, अगदी मैत्रिणीचा असला तरी. त्यानंतर ‘आता उजव्या कुशीवर वळवते हं’ हे वाक्य तोंडात आपोआप बसलं.

वॉर्डात जाण्याआधी ऑस्की झाली. रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ साली मांडलेली ही परीक्षेची पद्धत. एकेका टेबलापाशी एकेक काम, ठरलेला वेळ, घंटा वाजली की पुढे. पेशंटला नाव विचारणं आणि काय करणार ते सांगणं यालाही आमच्याकडे गुण होते, आणि ते तसेच असायला हवेत. तयारीसाठी मी एकच केलं: मैत्रिणीला तपासनीस बनवून, काम करताना प्रत्येक पायरी मोठ्यानं बोलत गेले.

वॉर्डात या सरावाचा उपयोग लगेच कळतो. हातांना काम माहीत असलं की लक्ष पेशंटकडे राहतं. श्वास मोजतोय हे कळलं की माणूस नकळत वेगळा श्वास घेतो, म्हणून नाडी पाहिल्यावरही मनगट तसंच धरून छातीकडे पाहत पूर्ण मिनिट मोजायचं. मोठ्या माणसात १२ ते २० हे साधारण. एका आजोबांचे मोजताना ते बरेच जास्त भरले आणि प्रत्येक श्वासाला मानेचे स्नायू ओढले जात होते. मी लगेच सिस्टरना आकड्यासकट सांगितलं. त्यांनी आधी आजोबांना टेकवून बसवलं, ऑक्सिजनची पातळी पाहिली आणि डॉक्टरांना बोलावलं. नंतर त्यांनी मला बाजूला घेऊन काय, का आणि कोणत्या क्रमानं केलं ते विचारत विचारत समजावलं. वॉर्डातल्या पोस्टिंगमधली ती थोडी मिनिटं मला फार मोलाची वाटतात. सिस्टर घाईत असतील तर ड्युटी संपताना थांबून विचारावं, बहुतेक जणी आनंदानं सांगतात.

काही पेशंट विद्यार्थिनीला नको म्हणतात. तो त्यांचा हक्क आहे. अशा वेळी त्यांची परवानगी घेऊन सिस्टरच्या शेजारी उभं राहून पाहायचं. लॉगबुकमधली, म्हणजे केलेल्या कामांच्या नोंदवहीतली, त्या कामाची सही आणखी दोन दिवसांनी झाली तरी चालते.