सासवडचा मुक्काम

यंदा माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून निघालो तेव्हा दोन माणसे सोबत असायला हवी होती. एक, पहिल्या कथेपासून माझे प्रत्येक हस्तलिखित तपासून देणारे सर. आणि दुसरा, ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणत 7 वर्षे वारी पुढे ढकलत राहिलेला माझा कविमित्र. वर्षभराच्या आत दोघेही गेले. दोघांचेही मृत्युलेख मीच लिहिले आणि, आता स्पष्टच सांगतो, दोन्ही वाईट लिहिले.

पुणे ते सासवड हा वाटेतला सर्वांत लांबचा टप्पा. दिवे घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपतात; माणसांना तशी सोय नाही. चढावर आमच्या विणेकऱ्यांना दम लागला. वीणा खाली ठेवायची नसते, म्हणून त्यांनी ती मागच्या तरुणाच्या गळ्यात घातली, दोघे एकमेकांच्या पाया पडले, आणि अभंग मात्र थांबला नाही. मित्राला हे दाखवावे म्हणून मी नकळत डावीकडे मान वळवली. तिकडे डोक्यावरचे तुळशीवृंदावन सावरत एक आजी येत होत्या. “चला माउली, वाट अडवू नका,” त्या म्हणाल्या.

सासवडला सोपानदेवांची समाधी आहे. पालखी तेथे दोन रात्री थांबते, त्यामुळे पाय चोळत बसायला वेळ होता. तंबूत शेजारच्या वारकऱ्याची गाथा मागून घेतली आणि नामदेवांचे समाधीचे अभंग पुन्हा वाचले. 1296 साली ज्ञानदेवांनी समाधी घेतली. पुढे सोपान, मुक्ताई, निवृत्ती असे एकेक जण गेले आणि नामदेव मागे उरले. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाखाली दगावले, तेव्हा त्यांच्या अस्थी आणायलाही तेच गेले, असे परंपरा सांगते. एका कवीने आपल्या कविमित्रांना दिलेला हा निरोप आहे. पण त्यात ग्रंथांची यादी नाही. नारा, विठा, गोंदा, महादा ही नामदेवांची मुले समाधीची जागा साफ करतात, हे मात्र आहे.

मी सरांची सगळी पुस्तके सालवार दिली होती आणि शेवटी चक्क ‘कधीही भरून न येणारी पोकळी’ असे लिहिले होते. सर ब्लेडने पेन्सिलीला टोक काढायचे, भुसा वर्तमानपत्रावर गोळा करून त्याची पुडी बांधायचे, मग माझ्या विशेषणावर बारीक फुली मारून म्हणायचे, “हे काढून वाच.” यातले एक अक्षरही लेखात नव्हते. दुसऱ्याची चांगली ओळ ऐकली की मित्र चिडून गप्प बसायचा आणि मध्यरात्री फोन करून तीच ओळ मला म्हणून दाखवायचा, तेही नव्हते.

शिध्याचा हिशेब ठेवणाऱ्या काकांकडून वहीचे एक पान आणि पेन्सिल मागून घेतली. पेन्सिल बोथट होती. कंदिलाशी बसून पुडीबद्दल चार ओळी लिहिल्या, त्यांतली दोन विशेषणे खोडली, आणि पान घडी घालून पिशवीत ठेवले. पहाटे जेजुरीकडे निघायचे होते.