ऑप्टोमेट्रिस्टचं लेझर आणि शस्त्रक्रिया प्रशिक्षण: माझा अनुभव

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात २०११ च्या कायद्याने ऑप्टोमेट्रिस्टना (डोळे तपासणारे, पण नेत्रशल्यविशारद नसलेले तज्ज्ञ) डोळ्याच्या पुढच्या भागातलं काही लेझर आणि पापणीच्या छोट्या शस्त्रक्रिया करायची मुभा मिळाली. ओक्लाहोमा राज्यात लेझरची वाट १९९८ सालीच मोकळी झाली होती. लॅसिक, पडद्यावरचं लेझर आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यात बसत नाही. केंटकीच्या परवानगीसाठी निदान ३२ तासांचा कोर्स लागतो. त्यातला अभ्यास वाचून उरकतो. मला अडवलं ते डाव्या हातातल्या लेझर लेन्सने (लेझरसाठी रुग्णाच्या डोळ्यावर टेकवायची लेन्स) आणि उजव्या हातातल्या सुईने.

याग कॅप्सुलोटॉमीचंच घ्या. मोतीबिंदू काढल्यावर काही महिन्यांनी बसवलेल्या कृत्रिम भिंगामागची कॅप्सूल (पातळ पडदा) धुरकटते, ती १०६४ नॅनोमीटरच्या लेझरने फोडायची. स्लिट लॅम्पमधून (डोळा तपासायच्या सूक्ष्मदर्शकातून) दोन लाल ठिपके दिसतात. ते कॅप्सूलवर एकमेकांत मिसळून एकच झाले की फोकस जमला. ठिपके जुळतच नसतील तर लेन्स तिरकी धरलेली असते किंवा लेन्सखालच्या जेलमध्ये बुडबुडा अडकलेला असतो. अशा वेळी सरावात मी ऊर्जा वाढवत होतो. ती चूक. आधी लेन्स सरळ करा, बुडबुडा काढा, मगच ऊर्जेच्या आकड्याला हात लावा.

सुरुवात १ ते १.५ मिलिज्यूलवर. स्फोटाची लाट पुढे, म्हणजे भिंगाकडे येते. म्हणून फोकस १५० ते २५० मायक्रॉन मागे सरकवलेला असतो. हे ऑफसेट शून्यावर राहिलं की भिंगावर खड्डे पडतात, आणि ते पुसता येत नाहीत. पहिला फटका नजरेच्या मध्यावर कधी मारू नका: तिथे पडलेला खड्डा रुग्णाला त्रास देऊ शकतो, कडेचा बहुधा जाणवतही नाही.

काचबिंदूच्या एसएलटीत, म्हणजे डोळ्यातला दाब उतरवण्यासाठी पाणी निचरणाऱ्या जाळीवर मारायच्या लेझरमध्ये, गणित उलटं. ठिपका ४०० मायक्रॉनचा, त्यामुळे फोकस थोडा इकडेतिकडे चालतो. पण डोळ्याचा कोन, म्हणजे कॉर्निया आणि बुबुळ मिळतात ती जागा, ओळखता आला पाहिजे. कॉर्नियाच्या कडेची रंगीत श्वाल्बे रेषा आणि ट्रॅबेक्युलर जाळी (हीच ती निचऱ्याची जाळी) यांत गल्लत झाली तर शंभर ठिपके चुकीच्या जागी जातात. ०.८ मिलिज्यूलपासून सुरू करून बारीक बुडबुडे दिसेपर्यंत जायचं, मग ०.१ ने खाली यायचं. जाळी गडद असेल तर सुरुवातच बरीच खालून, नाहीतर नंतर दाब उसळतो. लेझर कुठलंही असो, आधी-नंतर दाब कमी ठेवणाऱ्या ब्रिमोनिडीनचा थेंब आणि तासाभरात दाबाची मोजणी चुकवायची नाही.

शॅलेझियन, म्हणजे पापणीतली तुंबलेल्या ग्रंथीची गाठ काढणं, सोपं वाटतं, तिथेच हात घसरतो. पापणी धरणाऱ्या क्लॅम्पची (चिमट्याची) भरीव बाजू त्वचेकडे, कडी आतल्या बाजूला. पापणी उलटवून चीर उभी घ्यायची, कारण पापणीतल्या तेलाच्या मायबोमियन ग्रंथी उभ्या असतात; आडवी चीर शेजारच्या चार ग्रंथी कापते. पापणीच्या काठापासून २-३ मिमी अलीकडे थांबायचं, नाहीतर काठाला खाच पडते. क्युरेटने (खरवडायच्या छोट्या चमच्याने) पोकळी खरवडून झाल्यावर क्लॅम्प एकदम सोडू नका: रक्त तेव्हाच वाहू लागतं, म्हणून हळूहळू सैल करून काही मिनिटं गॉज दाबून धरा. त्याच जागी पुन्हा आलेली, पापणीचे केस गळवणारी गाठ मात्र नुसती खरवडून मोकळं व्हायचं नाही, तुकडा पॅथॉलॉजीला गेलाच पाहिजे. ती सेबेशिअस कार्सिनोमा, म्हणजे तेलग्रंथीचा कर्करोग, असू शकते.

टाक्यांचा सराव डुकराच्या पायावर करायचा. सुई टोकापासून दोन तृतीयांशावर, होल्डरच्या (सुई धरायच्या चिमट्याच्या) अगदी चोचीत धरायची. ती काटकोनात शिरली पाहिजे आणि मनगट फिरवून बाहेर आली पाहिजे. सरळ ढकलली की वाकते. दोन्ही कडांना सारखंच अंतर, सारखीच खोली, नाहीतर एक कड दुसरीवर चढते. गाठीला आधी दोन वेढे, मग एकेक, आलटून पालटून दिशा बदलत. कड पांढरी पडली तर टाका घट्ट झाला. खऱ्या रुग्णात उद्या सूज आल्यावर तोच मांसात रुतणार, म्हणून तो लगेच कापून नव्याने घालायचा. पहिल्या दिवशी माझे निम्म्याहून जास्त टाके असे कापावे लागले.