उत्तरसूचीतलं निंदण

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात आमच्या शाळांच्या केंद्राची सराव चाचणी होती. सातवी, मराठी, वीस गुण. पेपर सकाळी व्हॉट्सॲपवर आला, प्रिंटरमधली शाई जुलैतच संपली होती, म्हणून मी तो फळ्यावर उतरवला. पट एकोणीस, हजर तेरा. विदर्भात शाळा उन्हामुळं उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात आणि पोरं रुळतात न रुळतात तोच पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, तण माजते. मग मोठ्या पोरी मायसोबत वावरात. हजेरीपत्रकात त्याला ‘आजारी’ म्हणतात.

दुसरा प्रश्न होता : समानार्थी क्रियापदे लिहा, कोणतीही पाच. याच्यासाठी आम्ही आठ दिवस घासलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्या आठ दिवसांचा थोडा गर्वच होता.

समानार्थी शब्द म्हटलं की सगळीकडं नामांच्या याद्या. सूर्य-रवी, पाणी-जल, डोळा-नेत्र. पोरं पाढ्यासारखं म्हणतात, परीक्षेत ओकतात, मोकळी होतात. क्रियापदाचं तसं होत नाही, कारण ते एकटं राहत नाही. मी शाळेच्या खिचडीचे तांदूळ आणि पाखडायचं सूप वर्गात आणलं. एका पोरीला म्हटलं, कर काय करतेस ते. ती तांदूळ पाखडायला लागली, मग बोटानं खडे बाजूला सारू लागली. विचारलं, काय करून रायली? म्हणे, तांदूळ निवडून रायली. आणि खड्यांचं काय करतेस? खडे वेचून रायली. तोच हात, तेच सूप, तीच बोटं. तांदूळ निवडतात, खडे वेचतात. मग निवडणे आणि वेचणे समानार्थी की नाहीत? अर्धा तास भांडण चाललं. असं भांडण मला महिन्यातून एकदा जरी मिळालं तरी पगार वसूल.

दुसऱ्या दिवशी ‘काढणे’ घेतलं. पीक काढणे. फळा पोरांनीच भरला. कापूस वेचतात, सोयाबीन सोंगतात, भुईमूग उपटतात, संत्रा तोडतात, सांभार (कोथिंबीर) खुडतात. एकट्या ‘काढणे’च्या पोटात एवढे शब्द, आणि एकाच्या जागी दुसरा घातला तर वावरातली बाई हसेल. मग ‘बोलणे’. तो बोलला, पण त्याने सांगितले. शब्द बदलला की कर्त्याला ‘ने’ चिकटतो. प्रयोगाचं नाव मी काढलं नाही, ते पुढं आहेच. एवढंच दाखवलं की पुस्तकात ‘तो म्हणाला’ असते आणि आपण ‘त्यानं म्हटलं’ म्हणतो, आणि दोन्ही मराठीच आहे.

या सगळ्यातून मी पोरांना एकच नियम दिला : शब्द वाक्यात बसवून पाहा. वाक्य अडखळलं नाही तर शब्द चालला. हा नियम लक्षात ठेवा, पुढं लागतो.

चाचणी झाली. गुण पाच वाजेच्या आत ऑनलाइन फॉर्ममध्ये भरायचे होते. सव्वाचार वाजता उत्तरसूची आली, तालुक्याहून. मी लाल पेन घेऊन बसलो. पाहणे – बघणे. झोपणे – निजणे. फेकणे – भिरकावणे. निंदणे – नावे ठेवणे.

‘निंदणे’ला एका पोरानं ‘डवरणे’ लिहिलं होतं. मी थांबलो. मनात म्हटलं, गड्या, हे वावरातही चूक आहे. डवरा बैल ओढतात, तो दोन ओळींच्या मधून जातो. ओळीतल्या झाडांपाशी जे तण उरते ते बाया बसून हातानं काढतात, ते निंदण. चूक दिली. खालच्याच पेपरात एका पोरीनं लिहिलं होतं : निंदणे – खुरपणे. तिलाही चूक दिली.

डवऱ्याचा आणि निंदणाचा फरक डोक्यात घोळत असताना मी ‘खुरपणे’वर फुली मारली. आणि मी काही शहरातून आलेला नाही. माझी माय दारव्हा तालुक्यात निंदणाच्या रोजावर जायची, त्यातूनच माझं डी.एड. झालं. तिची बोटं पावसाळाभर हिरवी-काळी असायची, भाकरीला वास यायचा तणाचा. पेपर काढणाऱ्याला कदाचित ‘निंदा’ तेवढी माहीत असेल. मला दोन्ही माहीत होतं. पण घड्याळात पाच वाजायला दहा मिनिटं होती.

चुकलेला शब्द पाच वेळा लिहायचा आणि वाक्यात वापरायचा, हा माझा जुना दंडक. दुसऱ्या दिवशी तिनं वही दाखवली. ‘निंदणे – नावे ठेवणे’, पाच ओळी, प्रत्येक मात्रा जागेवर. खाली वाक्य. मी वाक्यं नेहमी मोठ्यानं वाचतो, हेही वाचलं :

‘माझी आई पंधरा दिवसांपासून दुसऱ्याच्या वावरात नावे ठेवायला जाते.’

वर्ग कोसळला. पोरं सतरंजीवर लोळायची बाकी राहिली. एक पोरगं ओरडलं, ‘सर, मायी माय बी जाते, दोनशे रुपये रोज भेटते नावं ठेवाचे!’ ती मात्र हसली नाही. वही घ्यायला हात पुढं करून उभी होती.

मी फुली खोडली, बरोबरची खूण केली, बाजूला सही. मग फॉर्म उघडला. ‘तुमचा प्रतिसाद नोंदवला गेला आहे.’ दुरुस्तीची सोय नाही. केंद्रप्रमुखांना फोन लावला. माणूस वाईट नाही, पण दिवसभर माहिती गोळा करून करून त्याला प्रत्येक गोष्ट एक रकाना वाटते. म्हणाले, ‘एका मार्कानं काय होते गुरुजी? अन् सूची आपण बदलली तर बाकीच्या शाळांनी काय करावं?’ आमच्या शाळेतले सातारकडचे सर बाजूलाच बसले होते. ते म्हणाले, ‘आमच्याकडं याला भांगलणं म्हणतात.’ म्हणजे एका शब्दाला खुरपणे, भांगलणे असे दोन अस्सल समानार्थी शब्द स्टाफरूममध्ये बसले होते, आणि सूचीत त्यातला एकही नाही.

रात्री मोबाइलवर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पाहिला, 1857 च्या आवृत्तीचा. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो फुकट आहे. निंदणे म्हणजे दूषण देणे आहे, आणि निंदणे म्हणजे तण काढणेही आहे. त्या साहेबाला दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी जे टिपता आलं ते आपल्याला पाच वाजेच्या आत जमलं नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, ते उत्तमच झालं. पण अभिजात भाषेचा गुण कोणत्या रकान्यात भरायचा, ते अजून कोणी कळवलेलं नाही.

आता मला छळते ते वेगळंच. फॉर्मवर तिचे गुण चौदाच आहेत, ते जाऊ द्या. ते वाक्य तिनं भोळेपणानं लिहिलं की मुद्दाम, हे मला उमगत नाही. माझाच नियम तिनं पाळला होता : वाक्यात बसवून पाहा. वाक्य अडखळलं, आणि ते तसंच माझ्यासमोर ठेवलं. सूप घेऊन बसलेली, ‘खडे वेचून रायली’ म्हणणारी पोरगी हीच. तिला काही कळत नाही असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

खांदशेकणीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी, शाळा अर्धीच होती. पोरं बैलांची, झुलांची, तोरणांची भाषा बोलत होती. खिचडीच्या रांगेत ती दिसली. मी हळूच विचारलं, ‘ते वाक्य तू मुद्दाम लिहिलंस काय व?’

‘कोणतं सर?’ म्हणे, आणि ताट पुढं केलं.