निळा रंग कॅमेऱ्याने टिपलेला नाही

हिवाळ्यात दक्षिण क्षितिजाच्या वर अगस्त्य तारा आला, की माझी नजर हटकून त्याच्या डावीकडे, किंचित खाली, हात लांब करून धरलेल्या तीन-चार बोटांच्या अंतरावर जाते. तिथे नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही. पण त्या दिशेला सुमारे ३७० कोटी प्रकाशवर्षांवर दीर्घिकांचे, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या अब्जावधी ताऱ्यांच्या वसाहतींचे, दोन समूह एकमेकांतून आरपार गेलेले आहेत. या जोडीला ‘बुलेट क्लस्टर’ म्हणतात.

तिचे २००६ सालचे गुलाबी-निळे चित्र पुष्कळांनी पाहिले असेल. गुलाबी रंग म्हणजे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे नाव दिलेल्या चंद्रा दुर्बिणीने सुमारे १४० तास टिपलेले क्ष-किरण. ते येतात समूहांतील कोट्यवधी अंश तापलेल्या वायूपासून, आणि या वायूचे वस्तुमान तिथल्या सगळ्या ताऱ्यांच्या कित्येक पट भरते. टकरीत दोन्हीकडचा वायू एकमेकांना अडवत मागे रेंगाळला, तर दीर्घिका विरळ असल्यामुळे न धडकता पुढे निघून गेल्या.

निळ्या रंगाबद्दल मात्र फार गैरसमज आहे. ‘हे पाहा कृष्णद्रव्य’ असे म्हणत पडद्यावर बोट ठेवणारे वक्ते मी पाहिले आहेत. कृष्णद्रव्य म्हणजे स्वतः न दिसणारे, केवळ गुरुत्वाकर्षणातून जाणवणारे द्रव्य. वास्तविक तो निळा रंग म्हणजे वस्तुमान कुठे आहे याचा गणिताने काढलेला नकाशा आहे. समूहाच्या कितीतरी मागे असलेल्या दीर्घिकांचा प्रकाश समूहाच्या गुरुत्वाकर्षणाने वाकतो आणि त्यांच्या प्रतिमा किंचित ताणल्या जातात. एकच दीर्घिका पाहून काही कळत नाही, कारण ती मुळातच लांबट असू शकते. पण असंख्य दीर्घिकांच्या आकारांची सरासरी घेतली, की हा ताण कोणत्या जागेभोवती आहे ते उमगते. हबल आणि चिलीतील दुर्बिणींच्या प्रतिमांवरून असे मोजल्यावर बहुतेक वस्तुमान वायूपाशी नव्हे, तर पुढे गेलेल्या दीर्घिकांपाशी आढळले. दृश्य द्रव्यच सर्वस्व असते, तर ते वायूपाशी आढळायला हवे होते. २०२५ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या प्रतिमांवरून हा नकाशा आणखी बारकाईने काढला गेला.

अशी मोजणी किती नाजूक असते, हे आबेल ५२० या दीर्घिकासमूहांच्या दुसऱ्या टकरीत दिसले. २०१२ मध्ये दोन गटांनी हबलच्याच दोन वेगळ्या कॅमेऱ्यांच्या प्रतिमा वापरल्या. एका गटाला मधोमध, जिथे ठळक दीर्घिका जवळजवळ नाहीत अशा जागी, वस्तुमानाचा गोळा सापडला आणि दुसऱ्याला तो सापडला नाही.