पिल्लाचा श्वास आणि एक सपाट रेघ
आजचा दिवस उंदराच्या नवजात पिल्लांच्या श्वासाचे आलेख बघण्यात गेला. रेघ वर-खाली, वर-खाली. फुफ्फुसं जरा फुगवून धरली की एकदम सपाट! पिल्लू श्वासच घेत नाही. हवा सोडली की गाडी पुन्हा सुरू.

ही हेरिंग-ब्रॉयर प्रतिक्षिप्त क्रिया, १८६८ सालची. (पुढे फ्रॉइडबरोबर काम केलं तोच हा ब्रॉयर. काय एकेक माणसं!) फुफ्फुस ताणलं की व्हेगस नर्व्ह (फुफ्फुसांना मेंदूशी जोडणारी नस) मेंदूला कळवते, 'बास, आता सोड.' मोठ्या माणसांच्या शांत श्वासात हिचं फारसं चालत नाही, नवजातांत मात्र हिचा चांगलाच वचक.

गंमत म्हणजे १८८९ मध्ये हेन्री हेड या इंग्रज संशोधकाला नेमकं उलटं दिसलं. थंड करून बधिर केलेली व्हेगस पूर्ववत होत असताना फुफ्फुस फुगवलं, तर ससा आणखी खोल श्वास घ्यायचा. नस तीच, हुकूम दोन! मला तर हेच जास्त आवडलं.

हा ताण ओळखतं पीझो२ नावाचं प्रथिन. संवेदी नसांत ते नसेल, तर उंदराची पिल्लं जन्मताच श्वासाविना दगावतात.

उद्या सी-फायबर्स, म्हणजे फुफ्फुसांतल्या बारीक संवेदी नसा. त्या चिडल्या की मोठे खोकून मोकळे होतात. पिल्लांचा श्वासच अडतो.